पानशेत पाहिलेला माणूस

रविवार, २२ मार्च २०२०. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सकाळचे साडेसात वाजले होते. कोरोनामुळे 'घरातच थांबा' हा गव्हर्नर फिल मर्फी यांचा हुकूम आदल्या रात्री नऊला लागू झाला होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अशा वेळी एका घराच्या मागच्या डेकवर माकडटोपी, मुलाचं ढगळ जॅकेट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा अशा वेषात शहात्तर वर्षांचे एक पुणेकर आजोबा अवतरले आणि त्यांनी स्टीलच्या ताटावर डावाने दणदणाट सुरू केला. भारतात त्या क्षणी संध्याकाळचे पाच वाजले होते. जनता कर्फ्यूच्या दिवशी पंतप्रधानांनी थाळ्या वाजवायला पाचची वेळ दिली होती आणि आजोबांनी साडेनऊ तासांचा हिशेब चोख केला होता. ते आयुष्यभर हिशेबनीस होते.

शेजारची खिडकी वर सरकली. अमेरिकन बाईंनी झोपाळू डोळ्यांनी विचारलं, "सर, आर यू ओके?"

"डॉक्टर्स!" आजोबा ताटाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले. "फॉर डॉक्टर्स!"

बाईंनी पुढचं ऐकायची वाट न पाहता ९११ फिरवला.

मुलगा धावत बाहेर आला. आधी त्याने बाईंना फोन ठेवायला लावला, मग बाईंना जनता कर्फ्यू समजावला, मग तो स्वतःलाच नीट समजला नसल्याचं त्याच्या लक्षात आलं, आणि शेवटी त्याने वडिलांकडे मोर्चा वळवला. "बाबा, थंडीत बाहेर काय करताय? टीव्हीवर कंठशोष चाललाय. हाय रिस्क आहात तुम्ही!"

"कोण?" आजोबा म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच मागे वळून पाहिलं.

मागे कोणी नव्हतं. बार्बेक्यूची शेगडी होती.

ते दोघं, म्हणजे आजोबा आणि एकाहत्तर वर्षांच्या आजी, डिसेंबरात नेहमीप्रमाणे सहा महिन्यांसाठी आले होते. सामानात भाजणी, मेतकूट आणि ओटीत साठलेले बावीस ब्लाउजपीस. परतीचं तिकीट उन्हाळ्याच्या तोंडाचं होतं. पण ज्या दिवशी आजोबांनी ताट वाजवलं, त्याच दिवसापासून भारताने बाहेरची प्रवासी विमानं उतरवून घेणं थांबवलं. त्यामुळे एका छताखाली शहात्तर, एकाहत्तर, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, एकोणीस आणि अकरा अशी सहा वयं अडकली. विषाणू एकच होता. त्याच्याविषयीची मतं सहा होती, आणि वायफाय कमी पडत होतं.

आजोबांचं मत त्या 'कोण?'मध्ये संपूर्ण आलेलंच होतं. पण मुलगा आयटीतला. त्याने समजूत घालायचे रीतसर टप्पे आखले. पहिल्या टप्प्यात तो म्हणाला, "बाबा, हा आजार वयस्कर माणसांना धरतो."

"मग बरोबर आहे, काळजी घ्यायला हवी त्यांनी," आजोबा म्हणाले. "आपल्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे आहेत ना, त्यांना फोन करतो. त्र्याऐंशीचे आहेत."

दुसऱ्या टप्प्यात त्याने आवाज चढवला. तेव्हा आजोबांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "हे बघ, मी पानशेतचा पूर पाहिलाय. कोयनेचा भूकंप पाहिलाय. बहात्तरचा दुष्काळ काढलाय, मिलो ज्वारी खाऊन. मला तुझ्या विषाणूचं सांगू नकोस."

"पानशेतच्या वेळी तुम्ही सांगलीला मामांकडे होतात," स्वयंपाकघरातून आजी म्हणाल्या. "आंबे खायला गेला होतात ते जुलै उजाडला तरी तिथेच."

"पुण्यातली माणसं भेटली की नाही नंतर? त्यांनी सांगितलं सगळं!"

आता गंमत अशी की आजोबांच्या डोक्यात जे चाललं होतं, त्यावर त्याच महिन्यात अमेरिकेत पद्धतशीर संशोधन सुरू होतं. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने १० ते ३१ मार्च २०२० या काळात देशभरातल्या ६,६६६ जणांना विचारलं: तुम्हाला हा आजार होण्याची शक्यता किती? आणि झालाच, तर मरण्याची किती? उत्तरं वयानुसार लावली तेव्हा दिसलं की जसजसं वय वाढतं तसतसं 'झाला तर मी जाईन' ही शक्यता माणूस जास्त धरतो. पण 'मला होईल' ही शक्यता मात्र कमी धरतो. शिवाय वयस्कर मंडळी तरुणांपेक्षा कमी उदास आणि कमी चिंतातुर निघाली. आजोबांचं म्हणणं शब्दशः हेच होतं. "झाला तर गेलोच रे. पण होतोय कशाला?" या वाक्याच्या दोन्ही अर्ध्या भागांवर त्यांची सारखीच श्रद्धा होती.

जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या सारा बार्बर आणि ह्युंजी किम यांनी तर मार्चच्या अखेरीस आणखी बारीक चाळणी लावली. एका बाजूला १८ ते ३५ची मंडळी, दुसऱ्या बाजूला ६५ ते ८१ची. त्यात पुन्हा बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. सगळ्यात कमी काळजी करणारे आणि आपल्या सवयी सगळ्यात कमी बदलणारे कोण निघाले? म्हातारे पुरुष. हा निष्कर्ष काढायला दोन संशोधक आणि एक विद्यापीठ का लागावं, हे कोणत्याही मराठी आजीला कळणार नाही. या आजींना तर मुलाने तो वाचून दाखवला तेव्हा त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "यात नवीन काय? मधुमेह निघाला तेव्हा हे म्हणाले होते की रिपोर्ट बदलला असणार."

न्याय करायचा तर आजोबांचा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता. २००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा शाळा बंद, थिएटरं बंद, लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी. तेव्हा आजोबा पासष्टीचे होते आणि ती साथ म्हाताऱ्यांना सोडून तरुणांच्याच मागे लागली होती. १९५७च्या आधी जन्मलेल्यांच्या अंगात त्याच कुळातल्या जुन्या फ्लूची थोडीफार ओळख शिल्लक होती, असं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं. १९१८च्या साथीतही मधलं वय, वीस ते चाळिशीचं, भराभर गेलं होतं. अमेरिकेत तेव्हा सुमारे पावणेसात लाख माणसं दगावली. म्हणजे प्रत्येक साथीची आवड वेगळी असते. आजोबांनी मागच्या साथीचा पेपर सोडवून ठेवला होता आणि या साथीला तोच लिहून द्यायचा त्यांचा विचार होता.

मुलाच्या मदतीला शेजारचं न्यूयॉर्क राज्य आलं. तिथले गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी २० मार्चला सत्तरीवरच्यांनी घराबाहेर पडू नये, पाहुणे घेऊ नयेत वगैरे नियम काढले आणि त्यांना चक्क आपल्या आईचं नाव दिलं: 'माटिल्डाज लॉ'. आई ८८ वर्षांच्या. मुलाने हे मोठ्या आशेने सांगितलं.

"बघ," आजोबा म्हणाले, "आईला घरात बसवायला एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा कायदा करावा लागला. तू नुसता बोलतोयस. आणि तो कायदा नदीपलीकडचा. आपण न्यू जर्सीत."

टेक्सासचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक हे मात्र आजोबांना एकदम पटले. सत्तरीला टेकलेल्या या गृहस्थांनी २३ मार्चला टीव्हीवर सांगितलं, की नातवंडांसाठी देशाचे व्यवहार सुरू राहावेत म्हणून आजी-आजोबा धोका पत्करायला तयार आहेत. त्याच सुमारास मायामीच्या किनाऱ्यावर वसंताची सुट्टी साजरी करणारा एक कॉलेजकुमार कॅमेऱ्यासमोर म्हणाला होता, झाला कोरोना तर झाला, पार्टी थांबणार नाही. पोराला जगभरातून शिव्या पडल्या आणि त्याने माफी मागितली. वयात जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर, पण दोघांच्या छातीचं माप एकच. आजोबा डॅन पॅट्रिकना मान डोलावत होते, तेव्हा आजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. "यांनी बायकोला विचारलंय का आधी?"

एप्रिलमध्ये साठीचा तास आला. अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांनी वयस्कर गिऱ्हाइकांना गर्दीचा त्रास नको म्हणून सकाळची वेळ राखून ठेवली होती. कॉस्टकोने मंगळवार-गुरुवारी आठ ते नऊ ही वेळ साठीवरच्यांना दिली. इतरांनीही आपापले वार लावले. घराजवळच्या दुकानातही तशी सोय होती. कणीक संपली होती, तांदूळ तळाला होते, आणि इतर वेळी आत शिरायला तासभर रांग. आतापर्यंत म्हातारपणाचं नाव काढू न देणाऱ्या आजोबांनी त्या रात्री पासपोर्ट उशाशी घेतला.

आजोबांना इथे गाडी चालवता येत नाही. तेव्हा मुलानेच पहाटे उठून नेलं आणि तो अठ्ठेचाळिशीचा धडधाकट गडी हातमोजे, मास्क, गॉगल चढवून काचा वर करून गाडीत बसला. ज्यांना जपायचं ते शहात्तर वर्षांचे वडील दुकानात गेले. गर्दीपासून म्हाताऱ्यांना वाचवण्यासाठी गावातले झाडून सगळे म्हातारे एकाच तासाला एकाच दारात उभे होते. दारावरच्या मुलाने आजोबांकडे एक नजर टाकली आणि हसून आत सोडलं.

आजोबा परतले ते घुश्शातच. एका हातात वीस पौंडांची कणीक, दुसऱ्या हातात न उघडलेला पासपोर्ट. "विचारलंसुद्धा नाही रे त्याने. निदान तोंडदेखलं तरी विचारायचं!" बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आत सगळे म्हातारेच होते. काळजी वाटते एकेकाची."

हे 'एकेकाची काळजी' प्रकरण मोठं विलक्षण. एडिसनला खेटून असलेल्या न्यू ब्रन्सविकच्या रटगर्स विद्यापीठात नील वाइनस्टाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की आयुष्यात बऱ्यावाईट घटना तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी की जास्त? सरासरीने मुलांचं उत्तर आलं: चांगलं आपल्याला जास्त, वाईट इतरांना. सगळेच सरासरीपेक्षा नशीबवान कसे असतील, हे गणित कोणालाच खटकलं नाही. त्याच रटगर्समध्ये आजोबांची नात शिकत होती, आणि मार्चमध्ये वर्ग ऑनलाइन झाल्यावर वसतिगृह रिकामं करून, दोन बॅगा आणि एक कॅक्टस घेऊन घरी आली होती.

नात आल्या दिवसापासून आजोबांपासून सहा फूट. जेवायला वेगळी, जिन्यात दिसली तरी मास्क. "आबा, आय डोन्ट वॉन्ट टू किल यू," असं ती रोज प्रेमाने सांगायची. आजोबांचा जीव मात्र तिच्यासाठी तुटायचा. कोवळं पोर, एवढीशी हाडं, तिला काही झालं तर? ते रात्री दाराबाहेर हळदीचं दूध ठेवायचे. ती ते जंतुनाशक वाइपने पेला पुसून आत घ्यायची आणि, असं नंतर उघडकीला आलं, कॅक्टसला घालायची.

मुलाचं मधलंच काही तरी झालं होतं. वरच्या पिढीला होणार नाही आणि खालच्या पिढीला झालं तरी काही होणार नाही, म्हणून दोघांच्या वाटणीचं तो एकटा घाबरत होता. हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर तीन दिवसांपर्यंत, पुठ्ठ्यावर एक दिवस टिकू शकतो असं मार्चमध्ये प्रयोगशाळेतून आलं, आणि त्याने गॅरेजची तीन खोल्यांत फाळणी केली: आजची खोकी, कालची खोकी, शुद्ध खोकी. भाजी आली की तिला आंघोळ. एकदा त्याने कोथिंबिरीची जुडी भांडी घासायच्या साबणाने घासली. भाज्यांना साबण लावू नका असं सरकारी अन्न विभागच सांगत होता, पण ते वाचेपर्यंत त्या दिवशीच्या आमटीला फेस आला होता.

आजींना या सगळ्यात भलतंच समाधान लाभलं. बाहेरून आलं की पाय धुवा, कपडे बदला, कुठे शिवू नका. लग्न झाल्यावर सासूबाईंचं सोवळं त्यांनी पाच वर्षं सोसलं होतं आणि नवऱ्याने त्यावर 'अडाणीपणा' असा शेरा मारला होता. आता एम.एस. झालेला मुलगा गॅरेजमध्ये पंचा नेसून उभा होता आणि "आई, मला शिवू नकोस" म्हणत होता. आजी नुसत्या बघत राहिल्या. सासूबाई बघायला हव्या होत्या, एवढंच त्यांना वाटलं.

बावीस ब्लाउजपीसांचंही सोनं झालं. दुकानात मास्क मिळेनात आणि देशभर इलॅस्टिकचाही तुटवडा पडला, तेव्हा आजींनी सुनेच्या मशीनवर खणांचे मास्क शिवले आणि इलॅस्टिकच्या जागी पायजम्याची नाडी ओवली. आजोबांना इरकली काठाचा मिळाला. नाडीची गाठ डोक्यामागे, टोपीखाली. एकदा बांधला की सोडवायला दुसरं माणूस लागायचं. शिंक आली की आजोबा आधी आजींना हाक मारत.

बाहेर त्यांचा एक बाक होता. उद्यानात रोज संध्याकाळी सांगली, नाशिक, सुरत, हैदराबाद अशा ठिकाणांहून मुलांकडे आलेली आणि अडकलेली पाच-सहा ज्येष्ठ मंडळी जमायची. त्यांनी सहा फुटांचा नियम एकमताने मान्य केला होता, चुन्याच्या रेघासुद्धा आखल्या होत्या. फक्त त्यांच्यातल्या तिघांना ऐकू कमी यायचं. त्यात तोंडावर कापड. एकाने ट्रम्पविषयी काही म्हणावं, दुसऱ्याने "काय?" म्हणून एक पाऊल पुढे यावं, पहिल्याने ते परत सांगायला एक पाऊल पुढे यावं. अर्ध्या तासात सहा फुटांचे दीड फूट होत. ७ एप्रिलला मर्फींनी राज्याची आणि परगण्याची उद्यानंच बंद केली आणि ही हळूहळू आकुंचन पावणारी सभा २ मेपर्यंत तहकूब झाली.

उन्हाळ्यात मुलाने अखेरचा टप्पा उघडला. सीडीसी या सरकारी संस्थेचा तक्ता छापून त्याने फ्रिजवर लावला. अठरा ते एकोणतीस या वयाचा मृत्यूचा धोका 'एक' धरला तर पन्नास ते चौसष्टला तो तीसपट, पासष्ट ते चौऱ्याहत्तरला नव्वदपट, पंच्याहत्तर ते चौऱ्याऐंशीला दोनशे वीसपट आणि पंच्याऐंशीच्या पुढे सहाशे तीसपट. देशात गेलेल्या दर दहा माणसांपैकी आठ पासष्टीवरची होती. तक्ता पाहून प्रत्येकाला मुद्दा पटायला हवा होता.

नात म्हणाली, "सो आय ॲम द वन. लिटरली."

आजींनी आपली ओळ शोधली, नवऱ्याची शोधली, आणि म्हणाल्या, "मी नव्वद, हे दोनशे वीस. बघा म्हणजे, मी म्हणतच होते."

आजोबांनी चष्मा पुसून हिशेबनिसाच्या नजरेने रकाने तपासले. "सहाशे तीस हा आकडा मोठा आहे. पण तो पंच्याऐंशीचा. मला अजून नऊ वर्षं आहेत. आणि या गटात पंच्याहत्तर ते चौऱ्याऐंशी लोक घेतलेत. मी आहे शहात्तर. म्हणजे त्यातला सगळ्यात ज्युनियर."

मुलाने कपाळावर हात मारला. स्वतःची तीसपटीची ओळ दीड वर्षाने लागू होणार हे त्याने पाहिलं नाही. 'चाळीस ते एकोणपन्नास, दहापट' या ओळीखाली त्याने हिरव्या पेनाने रेघ मारलेली होती.

त्यात देशाचं राजकारण आजोबांच्या बाजूने उभं राहिलं. निवडणुकीला उभे दोघे: एक चौऱ्याहत्तरचे, एक सत्त्याहत्तरचे. साथीवर रोज बोलणारे डॉ. अँथनी फौची एकोणऐंशीचे. "ते कामाला जातात आणि मी गल्लीच्या टोकापर्यंत नाही?" ऑक्टोबरात ट्रम्प स्वतः आजारी पडून रुग्णालयात गेले आणि तीन दिवसांनी, वीस वर्षांपूर्वीपेक्षा बरं वाटतंय, असं जाहीर करून परतले. हेलिकॉप्टरची सोय आणि भोवती डॉक्टरांचा ताफा होता, हे मुलाने तीनदा सांगितलं. आजोबांनी त्यातलं फक्त वीस वर्षं घेतलं.

वयाकडे निव्वळ वय म्हणून पाहणारं या सगळ्यात एकच कोणी होतं: पाहुण्यांचा वैद्यकीय विमा. सत्तरी ओलांडली की हप्ता वाढतो, भरपाईची कमाल रक्कम घटते, ऐंशीनंतर आणखी घटते. विम्याने पानशेतविषयी काहीही विचारलं नाही.

आणि सून? सून रुग्णालयात फार्मासिस्ट. मार्चपासून ती रोज जात होती. परत आली की गॅरेजमध्ये कपडे बदलायची, जेवायची आणि झोपायची. घरात धोका खरोखर कोणाला होता, तर तिला. पण ती त्यावर काही बोलत नसे, त्यामुळे वादात तिचं नाव कधी आलंच नाही. एप्रिलमधल्या एका रात्री ती जरा उशिरा आली, अंगणातल्या पायरीवर वीस मिनिटं नुसती बसली. आजी आतून पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या आणि सहा फूट सोडून बसल्या. काय बोलणं झालं ते दोघींनी सांगितलं नाही. त्यानंतर आजींनी आजोबांचे बूट लपवून ठेवले.

जुलैत नात म्हणाली, समुद्रावर जाऊन येते, मोकळी हवा आहे, 'साइंटिफिकली' सुरक्षित. तिच्या दुर्दैवाने त्याच महिन्यात लाँग बीच आयलंडवरच्या दोन गावांतले तीसेक जीवरक्षक एकमेकांच्या पार्ट्यांना जाऊन आजारी पडल्याची बातमी आली. बुडणाऱ्याला वाचवणारेच बुडाले. मर्फी असल्या मंडळींना पत्रकार परिषदेत 'नकलहेड्स' म्हणत. आजोबांना हा शब्द फार आवडला. त्यांनी अर्थ विचारून वहीत लिहून घेतला आणि पहिल्यांदा मुलावर वापरला.

मुदतवाढीचे अर्ज करत करत २०२१ उजाडलं आणि वयाचं पारडं अचानक उलटलं. लस आली. सून आरोग्यसेवेतली, तिची डिसेंबरातच झाली. १४ जानेवारीपासून न्यू जर्सीने पासष्टीवरच्या सगळ्यांना लस खुली केली, आणि त्याच दिवशी तरुणांपैकी ज्यांना ठरावीक व्याधी आहेत त्यांनाही. व्याधींच्या यादीत लठ्ठपणा होता. धूम्रपानही होतं. ओळखीचे सिगारेट ओढणारे रुबाबात दंड चोळत फिरू लागले. मुलाने जन्मात बिडीला हात लावला नव्हता. पंधरा वर्षं रोज पहाटे धावून त्याने वजन आटोक्यात ठेवलं होतं. आपण आयुष्याची इतकी नासाडी केली याचं त्याला प्रथमच वाईट वाटलं.

"बाबा, सध्या तुमच्या वयाला फार मान आहे," तो म्हणाला.

"वय झालंच आहे रे आता," आजोबा लगेच खंगल्या आवाजात म्हणाले. "सत्त्याहत्तर म्हणजे काय थोडं?"

वेळ मिळवणं हा मात्र तरुणांचा खेळ. नात रात्री बारा ते तीन लॅपटॉपसमोर बसून पान पुन्हापुन्हा उघडत होती, चौथ्या रात्री तिने "गॉट इट!" अशी किंकाळी फोडली आणि तिच्या आवाजाने आजोबा पलंगावरून उतरताना टेबलावर आपटले. गेल्या वर्षभरात त्यांना झालेली एवढी एकच इजा. लसकेंद्र एडिसनमधल्याच प्रदर्शनाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये होतं. नॅशनल गार्डचे जवान वाट दाखवत होते. आजोबांनी प्रत्येकाला सलाम केला. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसायचं होतं. ते पन्नास मिनिटं बसले, कारण शेजारच्या खुर्चीत कराडचे गृहस्थ निघाले.

जूनच्या आत अमेरिकेतल्या बहुतेक ज्येष्ठांनी लस घेऊन टाकली होती आणि आता सरकारांना चिंता पडली ती तरुणांची. न्यू जर्सीने मे महिन्यात पहिली मात्रा घेणाऱ्या एकविशीवरच्यांना बिअर देऊ केली. योजनेचं नावच 'शॉट अँड अ बिअर'. वेस्ट व्हर्जिनियाने १६ ते ३५च्या मंडळींना शंभर डॉलरचे रोखे. ओहायोने लशीची लॉटरी काढली, दहा-दहा लाख डॉलरची बक्षिसं. आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "आम्हाला शाळेत देवी टोचायला आले तेव्हा मास्तरांनी दंड धरला होता. बिअर सोडा, लिमलेटची गोळी नाही दिली कोणी." नातीचा राग वेगळा होता. तिने एप्रिलमध्येच इमानदारीने लस घेतली होती, फुकट. आणि बिअरला तिचं वय अजून आठ महिने कमी पडत होतं.

ऑगस्टमध्ये आजी-आजोबा पुण्याला परतले. सामानात चॉकलेटं, बदाम आणि मुलाने दिलेले तीन ऑक्सिमीटर. एक ऑक्सिमीटर पुढे कपडे वाळत घालायला चिमटा म्हणून वापरात आल्याचं कळतं.

२९ मार्च २०२२ रोजी अमेरिकेने पन्नाशीवरच्या सगळ्यांना दुसरा बूस्टर घ्यायची मुभा दिली. मुलाला पन्नास पूर्ण होऊन सहा आठवडे झाले होते. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "काय रे, घेतलास का? तुमच्या वयाला सांगितलाय ना आता?"

"आमच्या वयाला म्हणजे?" मुलगा हसला. "पन्नास हे काय वय आहे बाबा? तो मुख्यतः मोठ्या लोकांसाठी आहे. साठ-पासष्टच्या. आणि इथे राहून काय काय पाहिलंय मी! दोन हजार आठची मंदी काढली. सँडी वादळात बारा दिवस वीज नव्हती न्यू जर्सीत कित्येकांकडे, ते दिवस काढले."

पडद्याच्या कोपऱ्यातून आजींचा अर्धा चेहरा पुढे आला.

"सँडीच्या वेळी तू इथे होतास," त्या म्हणाल्या. "मावशीच्या मुलीच्या साखरपुड्याला आला होतास."